डीएनएचं नुकसान, दुरुस्ती आणि रोगप्रतिकारक पेशी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विद्यार्थी, रुग्णांचे नातेवाईक आणि विज्ञानाची आवड असलेले वाचक पुन्हा पुन्हा जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. डीएनएचं नुकसान म्हटलं की बहुतेकांच्या डोक्यात थेट कर्करोग येतो. रक्तातल्या पेशींचा अभ्यास करणाऱ्यांना मात्र त्याच नुकसानाची दुसरी बाजू रोज दिसते: आपली प्रतिकारशक्ती डीएनए तोडल्याशिवाय तयारच होत नाही. त्यामुळे नुकसान झालं का, एवढंच विचारून भागत नाही. ते कुठे झालं, किती वेळ राहिलं आणि ते कोणाच्या लक्षात आलं, हेही विचारावं लागतं.

माझ्या पेशींतल्या डीएनएचं रोज नुकसान होतं, हे खरं आहे का?

हो, आणि त्यासाठी बाहेरून विष यावं लागत नाही. पेशीत पाणी आहे, ऑक्सिजन आहे आणि शरीराचं तापमान ३७ अंश आहे, एवढं पुरेसं होतं. नुसत्या पाण्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेमुळे एका पेशीतून दिवसाला सुमारे १०,००० प्युरीन बेस, म्हणजे डीएनएच्या चार अक्षरांपैकी ॲडेनीन आणि ग्वानीन, गळून पडतात. शंभराहून जास्त ठिकाणी सायटोसीन या अक्षराचं युरॅसिल होतं, जे डीएनएत असायला नको. ऑक्सिजनच्या क्रियाशील रेणूंनी बिघडणारे बेस वेगळेच. हा हिशोब १९७० च्या दशकात टोमास लिंडाल यांनी मांडला, तेव्हा डीएनए हा फार टिकाऊ रेणू आहे असाच सर्वसाधारण समज होता.

या सगळ्यात संख्येनं कमी, पण सर्वांत घातक प्रकार म्हणजे दुहेरी तूट. यात डीएनएचे दोन्ही धागे एकाच जागी तुटतात. एक धागा शाबूत असेल तर त्यावरून दुसरा लिहून काढता येतो, इथे ती सोय उरत नाही.

नुकसान आणि उत्परिवर्तन एकच का?

नाही. नुकसान म्हणजे रेणूची मोडतोड, ती दुरुस्त होऊ शकते. दुरुस्ती झाली नाही किंवा चुकीची झाली आणि त्या अवस्थेत पेशीनं डीएनएची नक्कल केली, की अक्षर कायमचं बदलतं. ते उत्परिवर्तन. पेशीच्या दृष्टीनं बदललेलं अक्षर हेही व्यवस्थित अक्षरच असतं, त्यामुळे ते पुढच्या सगळ्या पिढ्यांत जातं.

दुरुस्ती कशी होते?

नुकसान कोणतं आहे त्यावर ते ठरतं. एकच बेस बिघडला असेल तर एक एन्झाइम तो काढून टाकतं, दुसरं तिथला धागा कापतं, तिसरं रिकामी जागा भरतं आणि लायगेज जोड पक्की करतं. अतिनील किरणांमुळे शेजारचे दोन थायमिन एकमेकांना चिकटले, तर तीसेक न्यूक्लिओटाइडचा, म्हणजे तीसेक अक्षरांचा, तुकडाच कापून नवा घातला जातो. नक्कल करताना चुकीची जोडी बसली तर मिसमॅच दुरुस्तीची प्रथिनं ती शोधून काढतात. या तीन यंत्रणा उलगडल्याबद्दल अनुक्रमे लिंडाल, अझीझ सँकार आणि पॉल मॉड्रिच यांना २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

दुहेरी तुटीसाठी दोन वाटा आहेत. पेशीनं डीएनएची नक्कल करून ठेवली असेल, तर जुळ्या धाग्यावर बघून अचूक दुरुस्ती होते. नसेल, तर तुटलेल्या दोऱ्याला गाठ मारावी तशी दोन टोकं सरळ एकमेकांना जोडली जातात. त्यात दोनचार अक्षरं कमीजास्त होतात. रक्तात फिरणारी लिम्फोसाइट (बी-पेशी आणि टी-पेशी ज्यात येतात तो पांढऱ्या पेशींचा प्रकार) बहुतेक वेळ विश्रांतीत असते, विभाजन करत नसते, म्हणून तिची सगळी भिस्त या दुसऱ्या वाटेवर असते. पुढची बरीच उत्तरं या एका गोष्टीवर उभी आहेत.

तूट झाली की एटीएम नावाचं एन्झाइम काही मिनिटांत जागं होतं आणि आजूबाजूच्या प्रथिनांवर फॉस्फेटच्या खुणा लावत सुटतं. त्यातली एक खूण पी५३ या प्रथिनाला लागते. विभाजन थांबवायचं, दुरुस्तीला वेळ द्यायचा की पेशीनं मरायचं, या निर्णयात पी५३ चा वाटा मोठा असतो.

बी-पेशी आणि टी-पेशी स्वतःचाच डीएनए का कापतात?

आपल्याकडे प्रथिनं तयार करणारी जनुकं जेमतेम २०,००० आहेत, पण प्रतिपिंडं कोट्यवधी प्रकारची बनतात. प्रत्येक प्रतिपिंडाला स्वतंत्र जनुक असणं शक्यच नाही. सुसुमु तोनेगावा यांनी १९७६ पासून केलेल्या प्रयोगांतून याचं उत्तर मिळालं. बी-पेशी तयार होताना प्रतिपिंडाच्या जनुकाचे तुकडे कापून नव्या क्रमानं जोडले जातात आणि मधला डीएनए पेशीतून कायमचा जातो. या कामाबद्दल तोनेगावा यांना १९८७ चं नोबेल मिळालं.

कापण्याचं काम रॅग-१ आणि रॅग-२ ही प्रथिनं करतात. बी-पेशींसाठी ते अस्थिमज्जेत होतं, टी-पेशींसाठी थायमस ग्रंथीत. म्हणजे ही खरीखुरी दुहेरी तूट आहे, किरणोत्सर्गानं होते तशीच. कापलेली टोकं आर्टेमिस हे प्रथिन उघडतं, टीडीटी नावाचं एन्झाइम त्यांना काही अक्षरं नमुन्याशिवायच चिकटवतं आणि मग कू, एक्सआरसीसी४, लायगेज-४ ही नेहमीची दुरुस्ती मंडळी टोकं जोडतात. ही जोडणी ढिसाळ असते हे आपण वर पाहिलं. इथे तो ढिसाळपणाच कामी येतो, कारण प्रत्येक पेशीचा जोड थोडा वेगळा होतो आणि प्रत्येकीला वेगळा जंतू ओळखता येतो.

गोष्ट इथे संपत नाही. संसर्ग झाला की लसीका ग्रंथींमध्ये बी-पेशी आपलं प्रतिपिंड आणखी धारदार करतात. त्या वेळी एड नावाचं एन्झाइम प्रतिपिंडाच्या जनुकातल्या सायटोसीनचं युरॅसिल करतं. पाण्यामुळे आपोआप होणारी जी मोडतोड पेशी एरवी तत्परतेनं निस्तरते, तीच इथे मुद्दाम घडवली जाते आणि दुरुस्तीही मुद्दाम अचूक होऊ दिली जात नाही. परिणामी त्या भागात एका विभाजनात साधारण हजार अक्षरांमागे एक बदल होतो, म्हणजे नेहमीपेक्षा सुमारे दहा लाख पट जास्त. बीसीएल६ हे प्रथिन या काळात बी-पेशींमधला पी५३ दाबून ठेवतं, नाहीतर एवढ्या बदलांनी त्या तिथेच मरतील. जिवंत पेशीनं पत्करलेली ही जोखीम मला या सगळ्या विषयातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते. एडचा शोध १९९९ मध्ये तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेत लागला. टी-पेशींना ब्रेक लावणाऱ्या पीडी-१ या प्रथिनाचा शोधही त्यांच्याच प्रयोगशाळेतला, १९९२ चा. त्यावरून पुढे कर्करोगाची इम्युनोथेरपी उभी राहिली.

ही कापाकापी चुकली तर काय होतं?

दोन दिशांनी बिघडू शकतं. पहिली म्हणजे तुटलेलं टोक भलत्याच गुणसूत्राला जोडलं जाणं. बर्किट लिम्फोमा या बी-पेशींच्या कर्करोगात आठव्या गुणसूत्रावरचं मिक हे जनुक बहुतेक वेळा चौदाव्या गुणसूत्रावरच्या प्रतिपिंड जनुकाशेजारी येऊन बसतं. बी-पेशीत ती जागा सतत चालू असते, त्यामुळे पेशीला वाढायला लावणारं मिकही सतत चालू राहतं. बी-पेशींचे बरेच लिम्फोमा अशाच चुकीच्या जोडातून सुरू होतात.

दुसरी दिशा म्हणजे जोडच न बसणं. आर्टेमिसचं जनुक सदोष असलेल्या बाळांत बी आणि टी, दोन्ही पेशी जवळपास नसतात. पहिल्या काही महिन्यांतच गंभीर संसर्ग सुरू होतात. त्यांच्या त्वचेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून किरण दिले तर त्याही जास्त मरतात, कारण दुरुस्तीचा दोष सगळ्या शरीरात असतो. मूळपेशी प्रत्यारोपण हा मुख्य उपचार आहे, पण त्याआधी दिली जाणारी काही औषधं डीएनएलाच इजा करतात, म्हणून या मुलांत औषध आणि मात्रा फार जपून ठरवावी लागते.

एटीएमच सदोष असेल तर अटॅक्सिया टेलँजिएक्टेशिया होतो. हे जनुक १९९५ मध्ये सापडलं. चालताना तोल जाणं, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात रक्तवाहिन्या ठळक दिसणं, सायनस आणि फुप्फुसांचे वारंवार संसर्ग, आणि लिम्फोमाचा वाढलेला धोका अशी लक्षणं एकाच मुलात दिसतात. दुरुस्ती आणि प्रतिकारशक्ती किती एकमेकींत गुंतल्या आहेत, हे या आजाराइतकं स्पष्ट क्वचितच दिसतं.

एखाद्या पेशीचा डीएनए बिघडला, हे प्रतिकारक पेशींना बाहेरून कसं कळतं?

निदान दोन मार्गांनी. जखमी पेशी आपल्या पृष्ठभागावर काही खास प्रथिनं आणते. नॅचरल किलर पेशींवरचा एनकेजी२डी हा ग्राही ती ओळखतो आणि मग किलर पेशी त्या जखमी पेशीला मारते. एटीएम आणि त्याच्यासारखंच एटीआर हे एन्झाइम जागे झाले की ही प्रथिनं वाढतात, हे २००५ मध्ये डेव्हिड राउले यांच्या गटानं दाखवलं.

दुसरा मार्ग पेशीच्या आतला आहे. डीएनए केंद्रकात असायला हवा. तो पेशीद्रवात दिसला तर पेशी त्याला विषाणू समजते. हे ओळखणारं सीगॅस हे एन्झाइम २०१३ मध्ये झिजियान चेन यांच्या गटानं शोधलं. सीगॅस डीएनएला चिकटलं की एक छोटा निरोप्या रेणू बनवतं, तो स्टिंग या प्रथिनाला जागं करतो आणि शेवटी विषाणूविरुद्ध इशारा देणारं इंटरफेरॉन तयार होतं. किरणोत्सर्गानंतर किंवा बिघडलेल्या विभाजनानंतर गुणसूत्राचे तुकडे मुख्य केंद्रकाबाहेर छोट्या पिशव्यांत अडकतात, त्यांना सूक्ष्मकेंद्रकं म्हणतात. ती फुटतात आणि सीगॅस तिथे जमा होतं, हे २०१७ मध्ये दाखवलं गेलं.

इथे थोडं सावध राहायला हवं. सीगॅस जमा झालं म्हणजे ते कामाला लागलंच असं नाही. डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असेल तर सीगॅस त्याला चिकटूनही निष्क्रिय राहतं. २०२० मध्ये त्याची रेणूरचना समोर आली, आणि आपल्याच केंद्रकावर हल्ला का होत नाही याचं बरंचसं उत्तर त्यात मिळालं. त्यामुळे सूक्ष्मकेंद्रकांतून प्रत्यक्षात किती इशारा जातो, यावर अजून खल चालू आहे. पाठ्यपुस्तकातल्या चित्रात बाण सरळ काढलेला असतो, तेवढा तो सरळ नाही.

उलट बाजूही आहे. पेशीद्रवातला डीएनए साफ करणारं ट्रेक्स१ सदोष असेल तर विषाणू नसतानाही इंटरफेरॉन बनत राहतं. अशा काही बाळांत एकार्डी-गुतिएर सिंड्रोम दिसतो, जो जन्मजात विषाणू संसर्गासारखाच भासतो.

किरणोत्सर्गानंतर रक्तातल्या लिम्फोसाइट इतक्या लवकर का कमी होतात?

कारण त्या दुरुस्तीसाठी फार वाट बघत नाहीत. तूट ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की पी५३ च्या इशाऱ्यावर त्या स्वतःहून मरतात. साऱ्या शरीराला मोठी मात्रा बसली तर पहिल्या एकदोन दिवसांतच त्यांची संख्या घसरते, आणि ती किती वेगानं घसरली यावरून डॉक्टर मात्रेचा अंदाज बांधतात. न्यूट्रोफिल (जंतूंना मारणाऱ्या पांढऱ्या पेशी) नंतर कमी होतात, कारण तयार न्यूट्रोफिल टिकतात आणि मज्जेतल्या पूर्वज पेशी मेल्याचा परिणाम दिसायला वेळ लागतो.

सगळ्या पांढऱ्या पेशी सारख्या नसतात. मोनोसाइटमध्ये दुरुस्तीची अनेक महत्त्वाची प्रथिनं फारच कमी असतात, पण तीच मोनोसाइट ऊतीत जाऊन मॅक्रोफेज झाली की ती प्रथिनं परत येतात, असं २०११ मध्ये दिसून आलं.

हत्तींचा एक दाखला इथे द्यावासा वाटतो. हत्तींना पी५३ च्या जनुकाच्या सुमारे २० प्रती आईकडून आणि तेवढ्याच वडिलांकडून मिळतात, माणसाला दोघांकडून एकेकच. २०१५ मध्ये दोघांच्या लिम्फोसाइटना किरण देऊन पाहिलं तेव्हा हत्तीच्या पेशी जास्त प्रमाणात मरण पत्करताना दिसल्या. एवढ्या मोठ्या देहात कर्करोग कमी का, याचं निदान एक कारण हे असावं.

प्रयोगशाळेत नुकसान मोजतात कसं?

सर्वांत जास्त वापरली जाते ती कॉमेट चाचणी. रक्त फायकॉल या द्रवावर हलक्या हातानं ओततात आणि सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात. तांबड्या पेशी तळाशी बसतात, वर पिवळसर प्लाझ्मा राहतो आणि त्याखाली एक धुरकट पांढरं कडं तयार होतं. लिम्फोसाइट आणि मोनोसाइट त्या कड्यात असतात. ते पिपेटनं अलगद उचलायचं, पेशी कोमट अगारोजमध्ये (जेलीसारख्या पदार्थात) मिसळायच्या आणि स्लाइडवर पातळ थर द्यायचा. मग मीठ आणि डिटर्जंटच्या थंड द्रावणात पेशीचं आवरण आणि बरीचशी प्रथिनं विरघळवतात, तीव्र अल्कलीत डीएनएचे धागे सुटे करतात आणि विजेचा प्रवाह देतात. अखंड डीएनए जागेवर गोल राहतो. तुटलेले तुकडे आणि सुटलेले फास धन टोकाकडे सरकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली धूमकेतूसारखी शेपटी दिसते. पेशी गोळा केल्यापासून नमुना बर्फावर आणि मंद उजेडात ठेवतात. नाहीतर पेशी हातातच दुरुस्ती सुरू करतात, किंवा प्रकाशानं नवीन नुकसान होतं.

या चाचणीचा एक बारकावा नवख्यांना हमखास चकवतो. बिघडलेला बेस काढताना दुरुस्तीची एन्झाइमं स्वतःच धागा कापतात, आणि अल्कली पद्धतीत तोही शेपटीत दिसतो. म्हणजे लांब शेपटी जास्त नुकसानाची असेल, किंवा जोमानं चाललेल्या दुरुस्तीची. एका वेळच्या मोजणीवरून यातलं खरं काय ते सांगता येत नाही, म्हणून पेशींना इजा करून ठरावीक अंतरानं पुन्हा पुन्हा मोजावं लागतं.

दुहेरी तुटीसाठी गॅमा-एच२एएक्स पाहतात. तुटीच्या आसपास एच२एएक्स या हिस्टोनला फॉस्फेट लागतं, ही गोष्ट १९९८ मध्ये कळली. चमकणाऱ्या प्रतिपिंडानं रंगवलं की केंद्रकात ठिपके दिसतात, ढोबळमानानं एका तुटीला एक. किरण दिल्यावर अर्ध्या तासानं एकदा आणि २४ तासांनी पुन्हा मोजलं की किती तुटी जुळल्या नाहीत ते कळतं. मरणाऱ्या पेशीचं मात्र सगळंच केंद्रक चमकतं, ती मोजणीत धरायची नाही.

अपघातात कोणाला किती मात्रा बसली हे ठरवायला मात्र जुनी, कष्टाची पद्धतच प्रमाण मानली जाते: लिम्फोसाइट ४८ तास वाढवायच्या आणि दोन सेंट्रोमिअर (गुणसूत्राचा मधला आवळलेला भाग, एरवी एकच असतो) असलेली गुणसूत्रं एकेक करून मोजायची. १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानियात किरणोत्सर्गी सीझियमच्या अपघातानंतर हीच पद्धत वापरली होती.

सीटी स्कॅन केल्यानं माझ्या लिम्फोसाइटचा डीएनए तुटतो का?

थोडा तुटतो. २००५ मध्ये सीटीच्या आधी आणि नंतर घेतलेल्या रक्तात गॅमा-एच२एएक्सचे ठिपके वाढलेले दिसले, आणि एका दिवसात ते बहुतेकांत जवळपास पूर्ववत झाले. छातीच्या एका सीटीची मात्रा साधारण ५ ते ७ मिलीसीव्हर्ट असते. जगात सरासरी माणसाला निसर्गातून वर्षाला सुमारे २.४ मिलीसीव्हर्ट मिळतातच. डॉक्टरांनी नेमक्या कारणासाठी सांगितलेला स्कॅन या भीतीनं टाळू नका. घरात अटॅक्सिया टेलँजिएक्टेशिया किंवा जन्मजात प्रतिकारशक्ती-दोषाचं निदान झालेलं कोणी असेल, तर ते मात्र आधी सांगा.

कर्करोगाच्या उपचारांत याचा काय उपयोग झाला?

फार मोठा. मिसमॅच दुरुस्ती बंद पडलेल्या गाठींत हजारो उत्परिवर्तनं साठतात. त्यांतून बनणारी अनोळखी प्रथिनं टी-पेशींच्या नजरेत भरतात, फक्त पीडी-१ चा ब्रेक लागलेला असतो. तो सोडवला की हल्ला सुरू होतो. म्हणूनच मे २०१७ मध्ये अमेरिकेत पेम्ब्रोलिझुमॅब या पीडी-१ रोखणाऱ्या औषधाला, गाठ कोणत्या अवयवात आहे हे न पाहता, दुरुस्तीतला दोष पाहून मान्यता मिळाली. तशी ती पहिलीच मान्यता होती. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमधून आलेल्या अहवालात अशा दोषाच्या गुदाशयाच्या कर्करोगाचे जे पहिले १२ रुग्ण होते, त्या सर्वांची गाठ केवळ डोस्टार्लिमॅब या तशाच औषधानं दिसेनाशी झाली. रुग्ण थोडे आहेत, आणि हा दोष गुदाशयाच्या मोजक्याच गाठींत असतो. पण दुरुस्तीतला बिघाड हाच उपचाराचा धागा ठरू शकतो, हे त्यातून पक्कं झालं.

दुहेरी तुटीच्या अचूक दुरुस्तीला लागणारी बीआरसीए जनुकं सदोष असलेल्या गाठींवर पार्प हे दुसरं दुरुस्तीचं एन्झाइम रोखणारी औषधं चालतात, तेही याच तत्त्वावर: दुरुस्तीची एक वाट आधीच बंद, दुसरी औषधानं बंद करायची. ही कल्पना २००५ मध्ये प्रयोगांत उतरली आणि २०१४ मध्ये ओलापॅरिब या तशा औषधाला मान्यता मिळाली.

क्रिस्परनं टी-पेशींत बदल करतात, तेव्हाही तूटच होते ना?

होय. क्रिस्पर हे जनुकात ठरावीक जागी बदल करण्याचं तंत्र आहे आणि त्यातलं कापणारं प्रथिन, कॅस९, दुहेरी तूटच करतं. टी-पेशीत एकाच वेळी दोनतीन जनुकं कापली तर टोकांची अदलाबदल होऊ शकते, आणि काही पेशींत कापलेलं गुणसूत्रच नाहीसं होतं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की टी-पेशींना आधी उत्तेजित करून मग कापण्याऐवजी आधी कापून मग उत्तेजित केलं, तर गुणसूत्रं गमावण्याचं प्रमाण कमी होतं. तेच रसायन, तीच पेशी, फक्त क्रम बदलला. दुसरी वाट बेस एडिटिंगची. तिथे दुहेरी तूट न करता एकेक अक्षर बदलतात, आणि सायटोसीन बदलणाऱ्या एडिटरमध्ये एडच्याच कुळातलं एन्झाइम बसवलेलं असतं.

कोरोनाच्या लशीनं डीएनए दुरुस्ती बंद पडते, असं वाचलं होतं. खरं का?

नाही. २०२१ मध्ये प्रयोगशाळेतल्या पेशींवरच्या एका शोधनिबंधावरून हा दावा पसरला. प्रयोगाच्या रचनेवर आक्षेप आल्यावर तो निबंध २०२२ मध्ये मागे घेतला गेला.

अँटिऑक्सिडंट गोळ्यांनी नुकसान टळतं का?

सरसकट नाही. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी नव्हे, जास्त आढळला. शिवाय ऑक्सिजनचे क्रियाशील रेणू हे न्यूट्रोफिलचं शस्त्र आहे. ज्यांना ते जन्मतःच बनवता येत नाहीत, त्यांना क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस आजार होतो आणि साध्या बुरशीचाही संसर्ग जिवावर बेततो.

वय वाढलं की काय बदलतं?

न जुळलेल्या तुटी साठलेल्या पेशी विभाजन थांबवतात, पण मरत नाहीत आणि दाह वाढवणारे रेणू सोडत राहतात. प्रतिकारक पेशी त्यांना उचलतात, वयानुसार हे काम मंदावतं. मज्जेतही बदल होतो. सत्तरी ओलांडलेल्या सुमारे १० टक्के लोकांच्या रक्तात एकाच बदललेल्या मूळपेशीच्या वंशजांचा मोठा वाटा सापडतो, हे २०१४ मध्ये समोर आलं. त्यांतल्या बहुतेकांना रक्ताचा कर्करोग होत नाही. हृदयविकाराचा धोका मात्र वाढलेला दिसतो.

डीएनएचं नुकसान मोजून देणारी चाचणी मी स्वतःहून करून घेऊ का?

निरोगी माणसानं करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. कॉमेटचा आकडा प्रयोगशाळेगणिक बदलतो, कारण अल्कलीची वेळ, व्होल्टेज आणि मोजण्याची पद्धत सगळीकडे सारखी नसते. आदल्या दिवशी दमछाक होईतो केलेल्या व्यायामानंही तो हलू शकतो. गटांची तुलना करायला ही चाचणी उत्तम आहे, एका व्यक्तीचं भविष्य सांगायला नाही. वारंवार गंभीर संसर्ग होत असतील, किंवा कुटुंबात कमी वयात कर्करोग झाले असतील, तर जनुकीय समुपदेशकाकडे जा. तिथे नेमक्या जनुकाची तपासणी होते आणि निकाल आल्यावर पुढे काय करायचं हेही ठरवता येतं.